दोन पायांचा एक आवाज

५ ऑगस्ट

वरच्या हॉलमध्ये उड्या मारणाऱ्या सर्व मुलींस,

तुमचा चेंडू पुन्हा माझ्या अंगणात पडला. तो उचलून घ्यायला तुम्ही खिडकीतून टोपली सोडलीत, तीही पाहिली. चेंडू टोपलीत ठेवला आहे आणि सोबत हे पत्र, कारण आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

मी घरी बसून गोष्टी वाचते आणि ध्वनिमुद्रित करते. लोक त्या कानात घालून फिरतात. कपड्यांच्या कपाटात शिरून, अंगावर रजई घेऊन, घामाघूम होत मी वाचते, कारण या घरात शांतता तेवढ्याच जागेत मिळते. काल नायिका अगदी हळू आवाजात नायकाला म्हणाली, "जाऊ नकोस." आणि वरून धप्प. ऐकणाऱ्याला वाटावं, तो गेला नाही, कोसळला. कालपासून मी त्याला थांबवते आहे आणि तुम्ही त्याला पाडता आहात. आता मलाच वाटायला लागलंय की जाऊ दे एकदाचा.

त्यात तुमच्यात एक हत्ती आहे. जी कोणी असेल तिला म्हणावं, जरा बेताने खा.

मी फोनवर भांडत नाही. फोनवरचं भांडण नंतर दोघांना वेगवेगळं आठवतं. उत्तर लेखी द्यावे.

तळमजला


६ ऑगस्ट

आदरणीय आजी,

साष्टांग नमस्कार. (हा मॅडमनी घालायला सांगितला.)

मॅडम म्हणजे आमच्या व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षक. उत्तर कोण लिहिणार असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण माझं अक्षर बरं आहे आणि जीभ लांब आहे. संघात मला चिमणी म्हणतात.

आजी, आम्हाला खरंच वाईट वाटलं. पण उडी मारल्याशिवाय व्हॉलीबॉल होत नाही, आणि वर गेलेली मुलगी खाली येणारच. तुमचा हत्ती म्हणजे आमची काडी. ती इतकी बारीक आहे की मॅडम तिला रोज समोर बसवून दोन केळी खायला लावतात. तुमचा निरोप आम्ही तिला दिलेला नाही. ती जेवणच सोडेल, आणि मग मॅडम आम्हाला सोडणार नाहीत.

एक विनंती आहे. इमारतीच्या मालकांकडे तक्रार करू नका. हा हॉल गेला तर आम्हाला दुसरी जागा नाही.

तुमची,
चिमणी


८ ऑगस्ट

चिमणीस,

मी कोणाची आजी नाही. जीभ आवडली, ती तशीच ठेव. पण पुन्हा आजी म्हणालीस तर चेंडू परत मिळणार नाही.

मालकांकडे मी जाणार नाही. त्यांच्याशीही माझं सगळं पत्राने चालतं आणि त्यांचं अक्षर मला वाचवत नाही.

आता ऐक. मी जन्मभर रेडिओवर पावलं वाजवली. नाटकातली माणसं माइकपुढे उभी राहून नुसती बोलायची, त्यांचं चालणं मी करायचे. कधी वाळूच्या ट्रेमध्ये, कधी फरशीवर, कधी लाकडी खोक्यावर. लंगडा मामा, रुसलेली सून, पिऊन आलेला न्यायाधीश, सगळे माझ्या पायांनी चालले. इमारतीतली माणसं मला विक्षिप्त म्हणतात, पण कानाच्या बाबतीत माझ्या वाटेला कोणी जात नाही.

तर तुमचं काय होतं ते सांगते. तुम्ही उतरत नाही, पडता. आधी टाचा, पाय काठीसारखे ताठ, आणि मग तळव्यांची आतली कड जमिनीवर घासते. म्हणजे गुडघे आत जातायत, एकमेकांना काहीतरी गुपित सांगायचं असल्यासारखे.

चोराला भिंतीवरून उडी मारताना असं करून चालत नाही. मी चोर पुष्कळ केले. आधी चवडा, मग टाच. दोन्ही पाय एकदम. गुडघे वाकलेले पण सरळ समोर, आणि ढुंगण मागे, खुर्चीवर बसायला निघाल्यासारखं. चोरासारख्या उतरा, मला आवाज येणार नाही.

तळमजला


१३ ऑगस्ट

प्रिय काकू,

तुमचं पत्र मी हॉलमध्ये मोठ्याने वाचलं. ढुंगण हा शब्द आला तिथे पोरी हसून लोळल्या. मॅडम मात्र कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, हेच तर मी वर्षभर बोंबलतेय."

खरंच बोंबलतायत. खेळाआधी रोज पंधरा मिनिटं त्या आमच्याकडून एक ठरलेली तयारी करून घेतात. उडी मारून थांबायचं, एका पायावर उतरायचं, पळता पळता वळायचं, आणि प्रत्येक वेळी गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा. मग मांड्यांचे आणि पोटाचे व्यायाम. त्या म्हणतात, आमच्या वयात मुलींची उंची आणि वजन भराभर वाढतं आणि ते पेलणारे स्नायू मागे राहतात. म्हणून गुडघ्याला दुखापत होते ती बऱ्याचदा कोणी धक्का दिल्यामुळे नाही, नुसती उतरताना होते. उडी मारायला सगळे शिकवतात, उतरायला कोणी शिकवत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही माना डोलावतो, आणि त्यांची पाठ वळली की उड्या अर्ध्यावर सोडून देतो. फार कंटाळवाणं असतं हो ते.

पण आमच्या जिराफने (ही आमची सगळ्यात उंच मुलगी) एक युक्ती काढली आहे. तुमच्याकडे जाळी काढायचा लांब दांड्याचा झाडू आहे का? रोज पाच वाजता आमची तयारी सुरू होते. तेव्हा आम्ही एकेक करून उतरू, आणि जी उडी तुम्हाला ऐकू येईल, तिला छतावर एक ठोका द्यायचा. जिच्यावर ठोका पडेल ती बाद, आणि त्या दिवशीचे सगळे चेंडू तिने गोळा करायचे.

कराल का?

चिमणी


१४ ऑगस्ट

चिमणीस,

काकू म्हणायला आधी काका लागतो. तो मी ठेवलेला नाही. मावशी चालेल. मावशीला कोणाचा टेकू लागत नाही.

झाडू आहे. उद्यापासून पाचला बसते.

मावशी


२६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुम्ही फार कडक आहात. पहिल्या दिवशी तुम्ही इतके ठोके दिलेत की सगळ्याच बाद झाल्या, चेंडू कोणी गोळा करायचे यावरून भांडण लागलं आणि शेवटी मॅडमनीच वाकून गोळा केले. काडी तर रडकुंडीला आली होती. आता ती घरी गादीवर सराव करते आणि तिची आई ओरडते. पण कालपासून तिच्यावर एकही ठोका नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

आता कोणी उड्या अर्ध्यावर सोडत नाही. मॅडमची पाठ वळली तरी तुमचा कान वळत नाही, म्हणून. मॅडम म्हणाल्या, तुमच्या झाडूला त्या हार घालणार आहेत.

येत्या शुक्रवारी जिराफ येणार नाही, तिच्या मामेभावाचं लग्न आहे. त्या दिवशी ठोके कमी पडले तर तुमचा कान बिघडला असं समजू नका. आणि चौदा सप्टेंबरच्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. मी त्यात असणार. असायलाच पाहिजे. रात्री डोळे मिटले की मला ती जर्सी दिसते, मागे माझा नंबर. हे कोणाला सांगू नका, पोरी चिडवतील.

तुमची,
चिमणी


२८ ऑगस्ट

चिमणीस,

ठोकून ठोकून छताचा रंग माझ्या डोक्यात पडला, पण मजा येते आहे. काडीला शाबासकी सांग. हत्ती हा शब्द मी मागे घेते.

कपाटात आता रजईशिवायही वाचता येतं. त्या नायकाचं आणि नायिकेचं काल लग्न लागलं.

एक पाऊल मात्र मला आवडत नाही. जोरात वाजत नाही, म्हणून ठोका देता येत नाही. उजवा पाय वेळेवर येतो आणि डावा त्याच्यामागून, जरा उशिरा, अगदी हळूच. जेवणं उरकल्यावर आलेला पाहुणा चपला हातात घेऊन आत शिरतो, तसा. जिला दुखतं तीच असं उतरते. ती जिराफ असावी, कारण उडी उंच आहे. तिला विचार.

मावशी


३० ऑगस्ट

प्रिय मावशी,

हो, जिराफच. तिचे बूट नवीन आहेत, ते चावतात. बाकी सगळं ठीक. आज गृहपाठ खूप आहे म्हणून एवढंच.

चिमणी


१ सप्टेंबर

चिमणे,

शुक्रवारी जिराफ मामेभावाच्या लग्नात होती. तूच कळवलं होतंस. तो चपला हातात घेतलेला पाहुणा शुक्रवारीही माझ्या डोक्यावर होता.

शिवाय तुझं पत्र बघ. एरवी कागदाच्या दोन्ही बाजू भरून समासात लिहिणारी पोरगी दोन ओळींत आटोपते. माझे कान चांगले आहेत आणि डोळेही अजून गेलेले नाहीत.

डावा गुडघा ना? कधीपासून?

मावशी


४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

कधीपासून ते नक्की माहीत नाही. सुट्टीनंतर असेल. वाटीच्या खाली दुखतं. आधी नुसतं खेळून झाल्यावर दुखायचं, आता उतरताना दुखतं आणि सकाळी जिना उतरतानाही. म्हणून मी भार उजव्यावर घेते. मला वाटलं होतं, कोणाला कळत नाही.

मावशी, पाया पडते, मॅडमना सांगू नका. मॅडम घरी फोन करतील, आणि आमच्या घरी गुडघा हा शब्द निघाला की संपलं. माझी ताई माझ्याहून भारी खेळायची. तिचा गुडघा सामन्यात उतरताना गेला, कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आतली दोरी तुटली. ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, आणि बाबा म्हणाले, मुलींना झेपत नाही हे. तिने पुन्हा चेंडूला हात लावला नाही. मला खेळायला परवानगी मिळाली ती आईने बाबांशी दोन आठवडे अबोला धरला म्हणून.

चौदा तारखेपर्यंत फक्त. निवड झाली की मी स्वतः सांगेन, शपथ.

चिमणी


५ सप्टेंबर

चिमणे,

तुझं पत्र वाचून आधी मला तुझ्या ताईचं वाईट वाटलं आणि मग तुझा राग आला, या क्रमाने.

तुझ्या बाबांना "झेपत नाही" असं वाटतं ते चूक आहे. पण तू आता जे करते आहेस त्याने ते खरं ठरेल. दुखऱ्या डाव्याला वाचवायला तू सगळा भार एकट्या उजव्यावर टाकतेस. उद्या तो उजवा गेला तर ताईची दुसरी प्रत घरात तयार.

शपथा माझ्यापुढे घेऊ नकोस. मी शपथ घेणाऱ्या माणसांची पावलंही वाजवली आहेत, ती नेहमी दाराकडे जातात.

सोमवारी पाच वाजता मी वर येणार आहे. त्याआधी तू मॅडमना सांगितलंस, तर मी नुसता हॉल बघायला आले असं म्हणेन. नाही सांगितलंस, तर मी सांगेन. तू माझं तोंड बघणार नाहीस, हे मला माहीत आहे. चालेल.

मावशी


९ सप्टेंबर

मावशी,

मी सांगणार नव्हते. शनिवारी नाही सांगितलं. काल पाच वाजेपर्यंत नाही सांगितलं. मला वाटत होतं, तुम्ही नुसती भीती घालताय. तुम्ही कधीच वर येत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

मग जिन्यावर पावलं ऐकू आली. सगळ्या खेळत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं, मी मात्र ऐकत होते. एक पाय वरच्या पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर. मग थांबणं. मग कठड्याचा आवाज. तुमचा डावा पाय उजव्याच्या मागून येत होता, अगदी हळूच. तुम्ही कधी बोलला नाहीत की तुम्हालाही आहे ते. म्हणूनच तुम्ही कधी वर येत नाही ना?

मला ते ऐकवेना. तुम्ही मधल्या वळणावर असताना मी मॅडमकडे गेले आणि सांगून टाकलं. म्हणून तुम्ही दारात पोचलात तेव्हा मी रडत होते, आणि तुम्ही म्हणालात, हॉल बघायला आलेय.

रविवारी मी जाणार नाही. मॅडमनी नाव काढलं. घरी फोन झाला. बाबा जेवले नाहीत.

तुमचं बरोबर असेल. पण मला आता पत्र लिहू नका.


२० सप्टेंबर

चिमणे,

लिहू नका म्हणालीस, म्हणून पत्र लिहीत नाही. ही चिठ्ठी आहे.

माझा गुडघा रेडिओनेच घेतला. माणूस छतावरून उडी मारतो, हा आवाज त्या काळी खरोखर टेबलावरून उडी मारून काढायचे. वर्षानुवर्षं मारली. छान आवाज यायचा, सगळे वाहवा करायचे. कसं उतरायचं ते कोणी सांगितलं नाही, आणि दुखायला लागल्यावर मीही कोणाला सांगितलं नाही, कारण काम दुसरीला मिळालं असतं. चोरासारखं उतरायला मी फार उशिरा शिकले.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. पण रविवारी दिवसभर मी काही वाचलं नाही. कपाटात नुसती बसून होते.

मावशी


७ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

चिठ्ठीला उत्तर पत्राने देता येतं का, ते मॅडमना विचारलं. येतं म्हणाल्या.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. दोरी शाबूत आहे. वाटीखालचा स्नायूबंध सुजलाय, उड्या मारून मारून. काही आठवडे उड्या बंद, व्यायाम चालू. डॉक्टर म्हणाले, असंच रेटलं असतंस तर वर्ष गेलं असतं. हे ऐकून मी तुम्हाला मनातल्या मनात पन्नास टक्के माफ केलं.

उरलेलं ताईमुळे. बाबा म्हणाले, बस झालं. ताई दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर हॉलवर आली. भिंतीला टेकून तिने आमची पूर्ण तयारी बघितली. काडी एका पायावर उतरली, गुडघा सरळ, आवाज शून्य. मी ताईकडे बघितलं तर तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "मला हे कोणी शिकवलंच नाही गं." घरी जाऊन ती बाबांना म्हणाली, हिचा खेळ बंद केलात तर मी जेवणार नाही. आईने लगेच अबोला धरला. बाबा दोन्ही बाजूंनी अडकले. आता ते स्वतः मला सोडायला येतात आणि दारात उभे राहून गुडघे मोजल्यासारखे बघत असतात.

दुसरं. जिन्यावरचं सगळं मी मॅडमना सांगितलं आहे. त्यांनी तुमच्यासाठीही व्यायाम दिलाय. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं, दहा वेळा. गुडघे सरळ समोर, ढुंगण मागे (हे तुम्हाला माहीत आहे). दुखलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. रोज पाचला मी वरून चेंडू आपटीन, तेव्हा सुरू करा. मला उड्या बंद आहेत, म्हणून मी तुमच्यावर लक्ष ठेवणार.

तुमची,
चिमणी


९ ऑक्टोबर

चिमणे,

माझ्या तोंडचे शब्द मलाच शिकवतेस. वर तो चेंडू. काल तू इतक्या जोरात आपटलास की मी खुर्चीत बसायच्या ऐवजी खुर्चीतून पडणार होते.

दहा वेळा उठले. नवव्याला खुर्चीला शिव्या दिल्या. खुर्चीने काही मनावर घेतलं नाही.

ताईला माझ्याकडून विचार, आवाज कसा आहे तिचा? माझ्याकडे एका गोष्टीत दोन बहिणी आहेत आणि दोघींचं मी एकटी बोलून माझा घसा बसलाय.

मावशी


२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

डॉक्टरांनी परवानगी दिली. उद्या पाचला मी पहिल्यांदा उडी मारणार. बूट आत्तापासूनच दाराशी मांडून ठेवलेत.

ताई तुमच्याकडे वाचायला येते तेव्हापासून घरीही नाटकी आवाजात बोलते. बाबांना काल म्हणाली, "जाऊ नकोस." ते फक्त दूध आणायला निघाले होते.

उद्या सगळ्याजणी एकामागून एक उतरणार. कोण कधी, ते तुम्हाला सांगणार नाही. माझी उडी कोणती ते ओळखून दाखवा. आणि सगळं झाल्यावर मी एकटी एक उडी आवाज करून मारीन, मुद्दाम. ठोका देऊ नका. मी आले एवढंच कळवायला.

चिमणी


२५ नोव्हेंबर

चिमणे,

पाच वाजता झाडू हातात घेऊन बसले. जिवाचा कान केला. वर मुली उतरत होत्या एवढं समजत होतं, कारण हसण्याचा आवाज येत होता. पण पाहुणा आला नाही. आधीही नाही, मागूनही नाही. तुझी उडी कोणती, ते मला ओळखता आलं नाही.

जन्मभरात मला न ओळखता आलेलं हे पहिलंच पाऊल. झाडू बाजूला ठेवला आणि थोडी रडले. हे तुझ्या पोरींना वाचून दाखवू नकोस.

मग कामाला लागावं म्हणून कपाटात जाऊन वाचायला बसले आणि तुझी ती शेवटची उडी विसरूनच गेले. ती बरोबर वाक्याच्या मध्यात आली. दोन पायांचा एक आवाज, भरीव आणि सरळ. ध्वनिमुद्रणात स्पष्ट आला आहे. ताई वाचायला आली होती, ती म्हणाली, कापून टाकू का? मी नको म्हणाले.

गोष्टीत त्या जागी कोणी उडी मारत नाही. एक म्हातारा एकटाच बसून पेपर वाचतो आहे. ऐकणाऱ्यांना काय समजायचं ते समजू दे.

उद्या जिना चढून वर येते आहे. एका पायरीवर एकच पाय ठेवून येणार. ऐकत राहा.

तुझी,
मावशी